पेट्रोल न लागणारं जहाज : अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौका वर्गात कशा शिकवाव्या?



आज थोडा वेगळा विषय घेतोय. आपल्या भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. वैनगंगा आहे, मामा तलाव आहेत, गोसेखुर्दचं फुगलेलं पाणी आहे आणि त्यात धिवर बांधवांचे डोंगे आहेत. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो डी.एड.च्या सहलीत. मग पवनी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत विमानवाहू नौका शिकवायची कशाला, असं तुम्ही विचाराल. मी ठरवून शिकवलीच नाही. ती एका मोटारसायकलवर बसून वर्गात आली.

झालं असं. सहावी-सातवीचा जोडवर्ग, विषय ऊर्जेची रूपे. मी विचारलं, कोणाच्या घरच्या गाडीला किती पेट्रोल लागतं? एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या बाबाची गाडी जहाजाच्या लोखंडाची आहे." वर्ग हसला. पण पोरगा खरं बोलत होता. त्याच्या वडिलांनी जुनी बजाज व्ही घेतली आहे. आपली पहिली विमानवाहू नौका 'आयएनएस विक्रांत' २०१४ मध्ये भंगारात गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिचं थोडं पोलाद वितळवून कंपनीने २०१६ मध्ये ही गाडी काढली होती. मी हे सांगितल्यावर हसणारी पोरं गप्प झाली आणि मधल्या सुट्टीत सगळी त्या गाडीला हात लावून आली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा प्रश्न आला, "सर, एवढ्या मोठ्या जहाजाले पेट्रोल किती लागत असन?" मी हुशारी दाखवली. म्हटलं, काही जहाजांना पेट्रोल लागतच नाही, ती अणुशक्तीवर चालतात. लगेच पुढचा प्रश्न : "मंग ते कसं चालते?" आणि मी उत्तर दिलं, "आत छोटे छोटे अणुबॉम्ब फुटत असतात, त्याच्या जोराने."

मित्रांनो, हे साफ चूक होतं. मला तेव्हाही आतून खात्री नव्हती, पण फळ्यासमोर उभं राहिलं की 'माहीत नाही' हा शब्द आपल्या तोंडून लवकर निघत नाही. त्या मुलीचा मामा नौदलात आहे. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, पोरगी विचारते आहे, मामाच्या जहाजात बॉम्ब फुटतात का? त्या रात्री मी वाचायला बसलो. हा लेख त्यातून झाला.

आधी चूक दुरुस्त करू

अणुशक्तीवरचं जहाज म्हणजे शेवटी वाफेचं जहाज. मौद्याचं औष्णिक वीज केंद्र आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी नागपूरला जाताना लांबून पाहिलेलं असतं. तिथे काय होतं? कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं. उसना तांदूळ करणाऱ्या राईस मिलमध्येही बॉयलर असतो, तिथे धानाचं तूस जाळतात. अणुभट्टीत फक्त चूल बदलते. कोळशाच्या जागी युरेनियम. बाकी पाणी, वाफ, टर्बाइन तेच. जहाजात ते टर्बाइन पंखा फिरवतं आणि वीजही तयार करतं.

फरक आहे तो सरपणाच्या वजनात. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झालं तर जेवढी उष्णता मिळते, तेवढ्यासाठी साधारण ३,००० टन दगडी कोळसा जाळावा लागतो. वरठी किंवा तुमसर रोडवर उभी असलेली कोळशाची मालगाडी पोरांना आठवायला सांगा. तिचा जवळपास पाऊण भाग म्हणजे हा एक किलो. म्हणून जहाजात एकदा इंधन भरलं की वर्षानुवर्षं बघायचं काम नाही. अमेरिकेच्या 'निमित्झ' वर्गातली जहाजं पन्नास वर्षांच्या आयुष्यात मध्ये एकदाच इंधन बदलतात.

आता 'बॉम्ब' आणि 'भट्टी' यातला फरक. हा फळ्यावर सांगून कळत नाही, मैदानात कळतो. माझ्या जोडवर्गात ३१ मुलं आहेत. हा आकडा योगायोगाने फार सोयीचा निघाला.

खेळ पहिला : एका मुलाने दोघांना शिवायचं. शिवलेल्या प्रत्येकाने आणखी दोघांना. एक, दोन, चार, आठ, सोळा. पाच पायऱ्यांत एकतीस, वर्ग संपला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. हा झाला बॉम्बचा नियम. प्रत्येक विखंडनातून दोन-तीन न्यूट्रॉन निघतात आणि ते सगळेच कामाला लागले तर असा भडका होतो.

खेळ दुसरा : सहा मुलांना 'पहारेकरी' करा. शिवलेल्या मुलाने दोन हात पुढे करायचे, पण त्यातला एक हात पहारेकऱ्याने पकडायचाच. म्हणजे एक जण एकालाच शिवू शकतो. आता खेळ संपतच नाही, एकामागून एक संथ चालत राहतो. हे पहारेकरी म्हणजे भट्टीतल्या नियंत्रक कांड्या. त्या न्यूट्रॉन गिळतात. कांड्या आत सरकवल्या की भट्टी मंदावते, पूर्ण घातल्या की साखळी तुटते. माझ्याकडे तर एका पहारेकऱ्याने उत्साहात दोन्ही हात पकडले आणि खेळ बंद पडला. त्याला रागावू नका, त्याने भट्टी बंद कशी करतात तेच दाखवलं!

अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही, कारण बॉम्बसाठी सगळी साखळी एका क्षणाच्या अगदी बारीक भागात पूर्ण व्हावी अशी खास रचना लागते. भट्टीची रचना बरोबर उलटी, साखळी रेंगाळावी अशी. पण म्हणून धोका नाही असं मुलांना सांगू नका, ती दुसरी चूक होईल. चुलीतला विस्तव विझला तरी राख कितीतरी वेळ कढत राहते. भट्टी बंद केल्यावरही आतलं इंधन तापत राहतं आणि त्याला सतत थंड करावं लागतं. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा केंद्रात त्सुनामीने हे थंड करण्याचंच काम बंद पाडलं होतं. खरा धोका तिथे आहे, आणि किरणोत्सर्ग बाहेर पडण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, काल मी चुकीचं सांगितलं होतं. पोरं आधी एकमेकांकडे पाहत राहिली. मग ती मुलगी म्हणाली, "मंग सर, मामाले सांगू का मी?" तिचा मामा कोणत्या जहाजावर आहे ते तिला माहीत नाही, पण अणुशक्तीवरची विमानवाहू नौका आपल्या नौदलाकडे आज एकही नाही. हे तिला नीट समजावून सांगितलं.

एकाच महिन्यातली दोन जहाजं

इतिहास शिकवताना मला एक जोडी फार उपयोगी पडली. आपली जुनी विक्रांत मूळची ब्रिटिशांची 'हर्क्युलिस'. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली, अर्धवट राहिलेली. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबर १९६१ ला मुंबईत आली. त्याच महिन्यात, २५ नोव्हेंबरला, अमेरिकेने 'एंटरप्राइज' सेवेत घेतली. जगातली पहिली अणुशक्तीवरची विमानवाहू नौका. एक नाही, आठ अणुभट्ट्या, ३४२ मीटर लांबी, वजनाने विक्रांतच्या चौपटीहून मोठी.

दहा वर्षांनी ही दोन्ही जहाजं एकाच समुद्रात आली. १९७१ चं युद्ध. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, तो वापरता येत नव्हता. वाफ कमी म्हणजे वेग कमी. आणि डेकवरून विमान उडायचं तर जहाजाचा वेग हवा, समोरून वारा हवा, विमानाला ढकलणाऱ्या यंत्रालाही वाफ हवी. तरीही ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या 'सी हॉक' विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. तिच्या मागावर आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. महिन्याच्या मध्यावर अमेरिकेने दबाव टाकायला एंटरप्राइजचा ताफा बंगालच्या उपसागरात पाठवला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि प्रसंग टळला. इथे मी मुलांना थांबवून विचारतो : तीन बॉयलरवर चालणारं जहाज आणि आठ अणुभट्ट्यांचं जहाज. आपल्या नौदलातल्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असेल? सातवीच्या पोरांनी यावर जे लिहिलं ते कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

दोघींचा शेवटही बघा. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती, मग सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली. म्हणजे शेवटी पैसे मिळाले. एंटरप्राइज २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिच्या भट्ट्यांचा भाग किरणोत्सर्गी, कोणी भंगारवाला हात लावणार नाही. ती तोडण्यासाठी अमेरिकेने २०२५ मध्ये पन्नास कोटी डॉलरहून मोठं कंत्राट दिलं. हिच्यात शेवटीही पैसेच मोजावे लागले. तिच्या लोखंडाची मोटारसायकल निघणार नाही, असं मी म्हणालो तेव्हा गाडीवाल्या पोराची छाती उगाच दोन इंच फुगली.

(जाता जाता : आपली दुसरी नौका 'विराट' मालवणजवळ संग्रहालय म्हणून ठेवायचं महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलं होतं. ते झालं नाही. ती गुजरातच्या अलंगला तोडली गेली. मला याचं अजून वाईट वाटतं. आपल्या मुलांना दाखवायला एक तरी जहाज राहायला हवं होतं.)

नवी विक्रांत : नहराच्या काठावर

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली. भारतात बांधलेली ही पहिली विमानवाहू नौका. त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वज आला, त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर. आमच्या शाळेचं मैदान यात पुरत नाही, म्हणून नहराच्या काठाने दोरी धरून २६२ मीटर मोजले. पोरं टोकाला पोचली तर या टोकावरून ओळखू येईनात. मोजमापाचा पाठ एका तासात झाला, आणि तो विसरणार नाहीत.

तरंगण्याचा प्रश्न येतोच. खिळा बुडतो, जहाज का नाही? भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, घराघरात जुना पितळी गुंड असतो. तो पाण्यावर सोडा, तरंगतो. मग त्याच वजनाचा पितळेचा तुकडा सोडा. यापुढे मला काही बोलावं लागलं नाही.

या जहाजाचं पोलादही आपल्यापासून फार दूरचं नाही. सुरुवातीला बाहेरच्या देशातून पोलाद मिळण्यात अडचण आली, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुकी प्रयोगशाळेने खास पोलाद विकसित केलं आणि 'सेल'ने सुमारे ३०,००० टन पुरवलं. त्यातलं काही भिलाईचं. भिलाई म्हणजे आपल्याच हावडा लाइनवरचं. पोलादाला मजबुती देणारं मँगनीज आपल्या तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या खाणीत निघतं. तिथलाच दगड विक्रांतमध्ये गेला असं मी म्हणत नाही, तसं मुलांना सांगूही नका. पण समुद्रावरचं जहाज जमिनीतून निघतं, एवढं त्यांना दिसतं.

आता इंजिन. नवी विक्रांत अणुशक्तीवर नाही. तिच्यात चार गॅस टर्बाइन आहेत, मिळून ८८ मेगावॅट. सर्वाधिक वेग २८ नॉट, म्हणजे ताशी साधारण ५२ किलोमीटर. पोरांना हिशोब करू द्या, भंडाऱ्याहून नागपूरला या वेगाने किती वेळ लागेल.

मग पुढची पिढी कोणती?

अमेरिकेची 'जेराल्ड फोर्ड' २०१७ मध्ये दाखल झाली. दोन नव्या अणुभट्ट्या, आणि विमान ढकलायला वाफेऐवजी विद्युतचुंबकीय यंत्र. त्याला एकदम प्रचंड वीज लागते, ती भट्टीतून मिळते. खर्च सुमारे १३ अब्ज डॉलर. फ्रान्सकडे २००१ पासून 'शार्ल द गोल' आहे, अमेरिकेबाहेरची एकमेव अणुशक्तीवरची विमानवाहू नौका. तिच्या जागी सुमारे ७८,००० टनांची नवी नौका २०३८ पर्यंत आणायचं त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं. सोव्हिएत संघाने 'उल्यानोव्स्क' १९८८ मध्ये बांधायला घेतली होती. देशच फुटला, आणि अर्धवट जहाज कापून टाकलं. चीनच्या नव्या 'फुजियान'वर विद्युतचुंबकीय यंत्र आहे, पण जहाज साध्या इंधनावरचं आहे.

आणि आपण? अणुभट्टी जहाजात बसवणं आपल्याला येतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पाणबुडीसाठी भट्टी तयार केली, आधी कल्पक्कमला जमिनीवर चालवून पाहिली. या कामात आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा आहे. २६ जुलै २००९ ला 'अरिहंत' पाण्यात उतरली, २०१३ मध्ये तिची भट्टी सुरू झाली, २०१६ मध्ये ती सेवेत आली. २०२४ मध्ये 'अरिघात' आली. २०२५ च्या संरक्षण मंत्रालयाच्या आराखड्यात पुढच्या युद्धनौकांसाठीही अणुशक्तीचा विचार मांडला आहे.

पण इथे एक गंमत आहे, ती पालकांनीही समजून घ्यावी. अरिहंतच्या भट्टीची शक्ती ८३ मेगावॅट सांगतात. विक्रांतची ८८. बातम्या वाचून वाटतं, झालं की मग, ती भट्टी उचला आणि इकडे बसवा! तसं नाही. ८३ हा उष्णतेचा आकडा आहे, ८८ हा पंखा फिरवणाऱ्या शक्तीचा. उष्णतेतला साधारण पाव हिस्साच फिरवण्याच्या कामी येतो. म्हणजे ८३ मधून वीस-एकवीस. विक्रांतएवढ्या जहाजाला तशा चार भट्ट्या तरी लागतील, त्याहून मोठ्या जहाजाला आणखी. 'शार्ल द गोल'मध्ये दीडशे मेगावॅट उष्णतेच्या दोन भट्ट्या आहेत. म्हणजे आपल्याला नवी, मोठी भट्टी तयार करावी लागेल, आणि अरिहंतचा अनुभव सांगतो की हे काम वर्षांचं नाही, दशकांचं आहे. सातवीला टक्केवारी शिकवताना मी आता हेच उदाहरण घेतो.

अणुशक्तीचा फायदा खरा आहे. स्वतःच्या इंधनाची टाकी नको, त्या जागेत विमानांचं इंधन जास्त मावतं. वेग टिकतो. धुराडं नाही. पण जहाज अगदी स्वतंत्र होतं, हेही खरं नाही. विमानांचं इंधन आणि माणसांचं जेवण बाहेरूनच येतं. आणि इंधन बदलायची वेळ आली की जहाज वर्षानुवर्षं अडकतं. अमेरिकेची 'जॉर्ज वॉशिंग्टन' त्यासाठी २०१७ मध्ये गेली, ती २०२३ मध्ये बाहेर आली. अमेरिकेकडे अकरा आहेत, एक गेली तर चालतं. फ्रान्सकडे एकच आहे, ती गोदीत गेली की त्यांचा समुद्र रिकामा.

पालकसभेतला प्रश्न

हे सगळं तक्त्यावर लावलं होतं. पालकसभेला आलेल्या एका बापाने ते वाचलं. त्याचं गाव गोसेखुर्दच्या पाण्यात गेलं आहे. तो म्हणाला, "सर, विक्रांतले वीस हजार कोटी लागले म्हणता. आमच्या धरणाचा पाया राजीव गांधींनी ठेवला, ८८ साली. माहा पोरगा झाला, आता त्याचा पोरगा तुमच्या शाळेत आला. कालव्याचं पानी अजून आमच्या वावरात नाही आलं. तुम्ही पोरायले हे सांगता का?"

मी त्याला देशाभिमानाचं भाषण देऊ शकलो असतो. नाही दिलं. गोसेखुर्दचा पहिला अंदाज ३७२ कोटींचा होता आणि तो हजारो कोटींवर गेला, हे या भागात कोणाला सांगावं लागत नाही. मी तक्त्यावर त्याच्यासमोरच आणखी एक ओळ लिहिली : २०२५ मध्ये विक्रांतसाठी २६ राफेल विमानं घ्यायचा करार झाला, सुमारे ६३,००० कोटींचा. म्हणजे जहाजाच्या तिप्पट विमानंच. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "आन् अणूवालं किती?" मी म्हटलं, भाऊ, आपल्याकडचा आकडा कोणी सांगितलेला नाही, अमेरिकेचा सांगू शकतो. तेरा अब्ज डॉलर त्याला रुपयांत करून दाखवले. लाख कोटींच्या वर गेलं.

माझं मत विचाराल तर आधी भट्टी आणि पाणबुड्या, मोठी नौका नंतर. समुद्रावरून आपला जवळपास सगळा परदेशी माल आणि तेल येतं, त्याची राखण लागते, हे मला पटतं. पण पुढची नौका अणुशक्तीचीच हवी हे मला अजून पटलेलं नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. वर्गात मात्र मी माझं मत सांगत नाही. दोन गट करतो, एक नौदलाचा, एक अर्थ खात्याचा, आणि दोघांना हेच आकडे देतो. मागच्या शनिवारी अर्थ खात्याची बाजू त्याच बापाच्या पोराने मांडली. नौदलाच्या बाजूने, मामावाली मुलगी.

ज्यांना हा पाठ घ्यायचा आहे त्यांनी दोरी आधीच मोजून खुणा करून ठेवा, नाहीतर अर्धा तास तिथेच जातो. आणि पितळी गुंड घरून आणायला सांगाल तर आईला विचारून आणायला सांगा. आमच्याकडे एकाने देवघरातला आणला होता.